पान हलत नाही, होडी कशी हलवायची? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की हलक्या वाऱ्यासाठी वेगळी रिग (डोलकाठी, शिडं आणि त्यांच्या काठ्या-दोऱ्यांचा संच) बनवली तर मॉडेल होडीचा स्वभावच बदलतो, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त शिडांचंच घेतोय. इंजिनवाल्यांनी रागावू नये, पुढच्या वेळी तुमचा नंबर.

प्रश्न: माझी एक मीटरची रेडिओ होडी आहे. वारा पडला की तळ्याच्या मधोमध बसून राहते. शिडं ३० टक्क्यांनी मोठी करून घेतली तर पळेल का?

उत्तर: थोडी हलेल, पण तुम्हाला वाटतंय तेवढा फरक पडणार नाही. हिशोबच बघा ना. सेकंदाला १ मीटर वारा, म्हणजे आपण आरामात चालतो त्यापेक्षाही मंद, तो ०.६ चौरस मीटर शिडावर साधारण ३५-४० ग्रॅमचा जोर लावतो, आणि तेवढ्यावर ४ किलोची होडी ओढायचीय. शीड ३० टक्के वाढवलं की १०-१२ ग्रॅम जास्त मिळाले, संपलं. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तोच वारा १ चा दीड झाला की जोर सव्वादोन पट. मग हा जास्तीचा वारा आणायचा कुठून? तर वरून. पाण्याला घासून जाणारा वारा मंद असतो, जसजसं वर जाल तसतसा बरा होत जातो, म्हणून कापड तेवढंच ठेवून ते उंच आणि अरुंद केलं तर जास्त पदरात पडतं. मार्बलहेड क्लासमध्ये (क्लास म्हणजे एकाच नियमाने बांधलेल्या रेसिंग होड्यांचा गट) १९३० पासून ५० इंची होडीला ८०० चौरस इंच कापड अशी मर्यादा आहे, आणि लोकांनी त्यात काय केलं तर शिडं वरवर नेली, आजच्या मोठ्या रिग होडीच्या लांबीपेक्षा कितीतरी उंच असतात.

पण कात्री हातात घ्यायच्या आधी एक करा. होडी टेबलावर ठेवा, पंखा बंद करा, आणि जिबच्या (पुढच्या छोट्या शिडाच्या) बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीवर, बाजूने हळूच फुंकर मारा. ज्या फुंकरीने निरांजन विझणार नाही तेवढीच. बूम या बाजूहून त्या बाजूला न अडता गेला पाहिजे. दहातल्या आठ होड्यांचा जात नाही! कुठे स्विव्हल (फिरती कडी) गंजलेलं असतं, कुठे शीटची, म्हणजे बूम ओढायची-सोडायची दोरी रिंगमध्ये घासते, कुठे दोरी इतकी जाड की पाणी पिऊन स्वतःच लोंबते. शीटला मासेमारीची बारीक विणलेली दोरी लावा, जिबच्या बूमच्या पुढच्या टोकाला छोटं शिशाचं वजन लावून तो आपल्या खुंटीवर तोलून घ्या, आणि मग परत तळ्यावर जाऊन बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं आणि नवीन रिगचा खर्च वाचतो.

हो, आणि तुमची होडी आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) क्लासची असेल तर नियमात तीनच रिग आहेत, मापं ठरलेली, पहिल्या नंबरपेक्षा मोठी रिग रेसमध्ये चालत नाही. हौसेला करा, रेसला नाही. तयार किट घेणाऱ्यांमध्ये ड्रॅगनफोर्स ६५ वाल्यांना मात्र हलक्या वाऱ्यासाठी ए प्लस रिग आयतीच मिळते.

प्रश्न: स्विंग रिग म्हणजे नेमकं काय? घरी बनवता येते का, आणि हलक्या वाऱ्यात खरंच फायदा आहे की नुसतं दिसायला भारी?

उत्तर: दिसायला भारी आहेच, पण फायदाही खरा आहे. नेहमीच्या रिगमध्ये डोलकाठी तारांनी बांधून ठेवलेली असते आणि दोन बूम आपापले फिरतात. स्विंग रिगमध्ये एकच लांब बूम डोलकाठीला पक्का जोडलेला, पुढच्या भागावर जिब, मागच्या भागावर मेन (मोठं शीड), आणि हे सगळं लटांबर डोलकाठीसकट गोल फिरतं. तारा नाहीत, शीट एकच. जिबवरचा वारा पुढून आणि मेनवरचा मागून असे एकमेकांना तोलतात म्हणून शीटवर ताण फार कमी येतो, साधा सर्वोसुद्धा (शीट ओढणारी छोटी मोटर) पुरतो. आणि मजा वाऱ्याबरोबर जाताना. नेहमीच्या होडीत जिब मेनच्या सावलीत मरून पडते आणि आपण काठावरून ती दुसऱ्या बाजूला जावी म्हणून देवाचा धावा करत बसतो. इथे बूम आडवा झाला की मेन एका बाजूला आणि जिब आपोआप दुसऱ्या बाजूला, दोन्ही वाऱ्यात. मंद वाऱ्यात हे एकच कारण मला पुरेसं आहे.

बनवायची कशी, तर होडीत डेकपासून तळापर्यंत एक नळी उभी बसवा, डोलकाठीचं खालचं टोक त्यात सैलसर फिरलं पाहिजे. नळीच्या तळाशी सायकलच्या बेअरिंगमधली एक स्टीलची गोळी टाका, सगळं वजन तिच्यावर टेकतं आणि रिग भोवऱ्यासारखी फिरते. डेकपाशी दुसरं बेअरिंग हवं कारण बाजूचा जोर तिथे येतो, नायलॉनची बुश चालते. डोलकाठी कार्बनची आणि नेहमीपेक्षा जाड घ्या, तिला धरायला तारा नाहीयेत हे विसरू नका.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली बूममध्ये. जिबची पुढची तार ताणली की ती बूमचं पुढचं टोक वर उचलते, बूम धनुष्यासारखा वाकतो, तार ढिली पडते आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून जायलाच तयार होत नाही. मी पहिला बूम ६ मिलिमीटरच्या कार्बन रॉडचा केला होता, हौसेने, वजन वाचवायला म्हणून! शेवटी १० मिलिमीटरची पोकळ नळी लावली तेव्हा जमलं, आणि ती वजनालाही जास्त नव्हती. दुसरी चूक तोलाची. डोलकाठीच्या पुढे एकूण कापडाच्या पाव ते फार तर ३० टक्के ठेवा. जास्त झालं तर शीट सोडली तरी बूम बाहेर जात नाही, तिथेच हटून बसतो, आणि मंद वाऱ्यात तर ढिम्म हलत नाही. तपासायचं सोपं आहे. वाऱ्यात होडी हातात धरा, शीट सोडा, बूम आपणहून वाऱ्याच्या रेषेत जाऊन फडफडला पाहिजे.

तोटा एकच मोठा. जिब आणि मेनमधली फट काठावर एकदा लावली की लावली, चालता चालता शीटने बदलत नाही.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. माझी होडी ६५ सेंमीची आहे. दोन शिडं जुळवणं जमत नाही. एकच मोठं शीड लावलं तर चालेल का?

उत्तर: चालेल की रे, आणि शिकायला तेच बरं. फक्त डोलकाठी जुन्या जागी ठेवू नकोस, पुढे न्यावी लागेल. किती पुढे ते असं काढ. जुन्या दोन्ही शिडांचा आकार, डोलकाठीवर असतात तसेच जागच्या जागी, एकाच पुठ्ठ्यावर काढून काप. पुठ्ठा एका कोपऱ्यातून टाचणीवर लटकव, टाचणीला वजन बांधलेला दोरा सोड, पेन्सिलने रेघ मार. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तेच. रेघा जिथे छेदतात तो मध्य. नवीन शिडाचाही असाच मध्य काढ आणि तो जुन्या मध्याच्या बरोबर वर येईल अशी डोलकाठी सरकव. शिडाच्या पुढच्या कडेला बाहीसारखी शिवण घालून ती डोलकाठीवर चढव, मग तारा-रिंगा काही लागत नाहीत. कापड म्हणशील तर ३६ ते ५० मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म घे, त्याहून जाड असेल तर मंद वाऱ्यात शिडाचं पोट (फुगवटा) एका बाजूहून दुसऱ्या बाजूला उलटतच नाही. पुढे आरजी ६५ क्लासच्या रेसला जायचं मनात असेल तर २२५० चौरस सेंमीच्या वर जाऊ नकोस.

प्रश्न: हलक्या वाऱ्यात शिडाला जास्त पोट द्यायचं ना?

उत्तर: नाही! सगळे हेच सांगतात, मीही कित्येक वर्षं सांगायचो. मोठ्या होडीत ते खपतं कारण तिथे शीड रुंद आणि हवा जोमात असते. आपल्या २०-३० सेंमी रुंद शिडावर सेकंदाला दीड मीटरचा वारा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (रुंदी आणि वाऱ्याच्या वेगावरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा) २०-३० हजार, मोठ्या होडीचा सहज १० लाखांच्या घरात. एवढी मरगळलेली हवा खोल वळणावर टिकत नाही, मधेच सुटते आणि शीड नुसतं ओझं होतं. ३० सेंमी रुंदीला दोन-सव्वादोन सेंमी पोट पुरे. सरळ पट्टी शिडाला आडवी धरून मधली फट मोजा. आणि वरचा भाग जरा जास्त उघडा ठेवा, वर वारा वेगळ्या कोनातून येतो. मागच्या कडेला जुन्या कॅसेटच्या टेपचे तुकडे चिकटवा, ते मागे वाहत राहिले की समजा जमलं, शिडामागे गुंडाळले गेले की शीट जरा सोडा.

प्रश्न: उंच रिग लावली, छान पळाली, पण मधेच झुळूक आली की होडी गर्रकन वाऱ्याकडे वळते. सुकाणूही ऐकत नाही.

उत्तर: उंच रिगने होडी कलते, कलली की शिडाचा जोर पाण्यावर बाहेर एका बाजूला जातो आणि नाक फिरवतो. डोलकाठी ५-५ मिलिमीटर पुढे सरकवून बघा, किंवा डोलकाठीचा मागचा कल थोडा कमी करा. तेवढ्याने नाही भागलं तर वारा वाढलाय असं समजून छोटी रिग चढवा, हट्ट करू नका. मी केला होता. पावणेदोन मीटरची बाहीवाली रिग, एक झुळूक, आणि डोलकाठीचं टोक पाण्यात. कीलने (होडीखालच्या वजनदार पात्याने) ती उभी राहायला हवी होती, पण बाहीत पाणी शिरलेलं, त्यामुळे होडी तशीच आडवी, आणि मी काठावर पाऊण तास ती वाहत येईपर्यंत उभा. तेव्हापासून बाहीच्या खालच्या टोकाला आणि मधे दोन ठिकाणी पाणी निघायला भोकं पाडतो.