उद्दीपक, चेतक की उत्तेजक? आणि पुढे प्रतिसाद की प्रतिक्रिया?

प्रश्न असा आलाय: जीवशास्त्रावरच्या लेखाचं मराठी करताना 'स्टिम्युलस'साठी उद्दीपक, उद्दीपन, चेतक, उत्तेजक असे चार शब्द सापडले आणि 'रिस्पॉन्स'साठी प्रतिसाद, प्रतिक्रिया असे दोन. यांतली एकच जोडी झाड, प्राणी, यंत्र सगळ्यांना लावली तर चालेल का?

बहुतेक ठिकाणी 'उद्दीपक–प्रतिसाद' चालेल. का, ते सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल.

'स्टिम्युलस' हा मुळात लॅटिन शब्द. अर्थ, जनावर हाकायची टोकदार काठी, आपली पराणी. संस्कृतात ती प्रतोद, कारण तुद् म्हणजे टोचणं. तेव्हा शब्दाला शब्द ठेवायचा तर 'प्रतोद'च ठेवायला हवा होता, पण तो विधिमंडळाने आधीच पळवला. आमदारांना मतदानासाठी हाकतो तो पक्षप्रतोद.

आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकांनी टोचण्याऐवजी पेटण्याची प्रतिमा निवडली, आणि माझ्या मते ती जास्त नेमकी आहे. उद्दीपन दीप् धातूवरून आलं. विज्ञानात येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द रसचर्चेत, म्हणजे काव्य-नाटकांतल्या भावांच्या शास्त्रात, रुळलेला होता. भाव जागवणारं कारण ते विभाव. ज्याच्याविषयी भाव जागतो तो आलंबन विभाव. चांदणं, वसंत, एकांत हे उद्दीपन विभाव. चांदणं प्रेम निर्माण करत नाही. स्थायी भाव आत असतोच, चांदण्याने तो भडकतो इतकंच. मग बाहेर दिसतात ते अनुभाव, आणि त्यांतले रोमांच, घाम, कंप, अश्रू हे सात्त्विक भाव तर ठरवून आणता येत नाहीत. अंगावर काटा येणं हे आजच्या भाषेत प्रतिक्षिप्त क्रियेचंच उदाहरण. काव्यशास्त्राकडे हा सगळा आराखडा तयार होता, याची मला दर वेळी गंमत वाटते.

जीवशास्त्रालाही हेच सांगायचं असतं. लाजाळूच्या पानाला बोट लागतं आणि पानं मिटतात. ती मिटवायचं बळ बोटाने पुरवलेलं नसतं. देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते, तिच्या एका बाजूच्या पेशींमधून पोटॅशियमचे आयन आणि पाठोपाठ पाणी बाहेर पडतं, फुगवटा जातो, देठ झुकतो. बळ झाडाचं स्वतःचं, बोट फक्त निमित्त. (बंदुकीचा चाप ओढणाऱ्या बोटाचंही तसंच; गोळी दारूच्या जोरावर जाते.)

प्रतिसाद आणि प्रतिक्रिया यांतला फरक मी इथेच करतो. भिंतीवर चेंडू आपटला की भिंत चेंडूवर तेवढंच उलटं बल लावते. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेल्या तिसऱ्या नियमातली ती प्रतिक्रिया: समान, विरुद्ध, त्याच क्षणी. भिंतीला हिशेब ठेवावा लागत नाही. व्हीनस फ्लायट्रॅप हे कीटकभक्षी झाड मात्र हिशेब ठेवतं. सापळ्यातल्या केसाला एकदा स्पर्श झाला तर ते सहसा गप्प राहतं. साधारण 20 सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला की सापळा मिटतो. दोन्ही स्पर्श सारखेच, पण पहिल्याला वेगळा जबाब, दुसऱ्याला वेगळा. याला प्रतिक्रिया म्हणवत नाही.

आपल्या भाषेत या फरकाला शब्दांची आणखी एक जोडी आहे. साद हे 'शब्द'चंच प्राकृतातून आलेलं रूप. 'प्रतिशब्द'चा पडसाद झाला, आणि त्याच 'साद'ला संस्कृत 'प्रति' जोडून प्रतिसाद. घराणं एक, पण पडसादात आपलाच आवाज परत येतो आणि प्रतिसादात समोरच्याचा. भिंत पडसाद देते, लाजाळू प्रतिसाद.

उरलेले शब्द. 'चेतक' मानसशास्त्राच्या पुस्तकांत भेटतो, आणि विस्तव चेतवण्याशी असलेलं त्याचं नातं मला आवडतं. पण चेतापेशी, चेतासंस्था यांच्या शेजारी तो मज्जातंतूंचा माणूस वाटतो. झाडाला लावायला जड जातं. 'उत्तेजक' टाळा. तिज् म्हणजे धार लावणं, म्हणून उत्तेजनात आधीपासून चालू असलेली गोष्ट तीव्र करण्याची छटा आहे, आणि आज तर शब्द ऐकताच खेळाडूंची चाचणी आठवते. उद्दीपक आणि उद्दीपन यांत मी असा भेद ठेवतो: प्रकाश हा उद्दीपक, तो रोपावर पडून काम करतो ते उद्दीपन. पाठ्यपुस्तकं दोन्हीला उद्दीपनच म्हणतात. चूक नाही, पण 'उद्दीपनाचं उद्दीपन' लिहायची वेळ आली की फसायला होतं.

यंत्रांचं काय? धुराची चाहूल लागताच घंटा वाजते तेव्हा वाजण्याची ऊर्जा बॅटरीची असते, धुराची नव्हे. बळ कुणाचं, या वरच्या कसोटीने तो प्रतिसादच. धुराला 'उद्दीपक' म्हणणं मात्र कानाला खटकतं. तिथे 'संकेत' लिहा किंवा सरळ 'ट्रिगर'.

एका ठिकाणी ही कसोटीही बाजूला ठेवावी लागते. जगदीशचंद्र बसूंच्या 1902 च्या पुस्तकाचं नावच 'रिस्पॉन्स इन द लिव्हिंग अँड नॉन-लिव्हिंग', म्हणजे सजीव आणि निर्जीवांतला प्रतिसाद. धातू, वनस्पती आणि प्राण्यांचे स्नायू यांना उद्दीपित करून त्यांनी विद्युत बदल मोजले आणि थकवा, विषाचा परिणाम तिन्हीकडे सारखा दिसतो असं मांडलं. ते पटो वा न पटो, त्यांचा मजकूर मराठीत आणताना धातूची 'प्रतिक्रिया' आणि पानाचा 'प्रतिसाद' असं लिहिलंत, तर जी रेघ पुसायला ते निघाले होते तीच तुम्ही भाषांतरात पुन्हा ओढाल. तिथे दोन्हीकडे प्रतिसादच हवा.