इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रात मिनांगकबाऊ समाजाच्या गावांत शेती खरंच मुलींकडे जाते का?

हो, पिढीजात भातखाचरं आणि घर तिथे आईकडून मुलींकडे जातं. पण म्हणून मनात आलं की विकता येतं, असं नाही. जमीन आख्ख्या मातृकुळाची, देखरेख मामाची. गहाण ठेवायलासुद्धा रूढीने चारच कारणं: घरात प्रेत पडलंय आणि अंत्यविधीला पैसा नाही, उपवर मुलीचं लग्न, कुळाच्या मोठ्या घराची डागडुजी, किंवा कुळप्रमुखाची नेमणूक. पैसे फेडले की जमीन परत.

स्वतः कमावलेली मालमत्ता वेगळी. लोक मुसलमान असल्याने ती बहुधा इस्लामी वारसा नियमांनी वाटली जाते. रूढीप्रमाणे नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला जातो. तरुण मुलगे तर पूर्वापार कमवायला परगावी निघतात, व्यापारात नाहीतर खाणावळीच्या धंद्यात.