दुहेरी पोतं

प्रश्न : ताई, मागच्या अंकात रताळ्याच्या दराबद्दल उत्तर देताना तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली होती : ‘आमचे मामा हवाई दलात पायलट होते आणि भाताची कापणी झाली की शिवारात लोंब्या वेचायचे.’ आमच्या घरात ती ओळ सगळ्यांनी वाचली. थोरला मुलगा बारावीला आहे, त्याला हवाई दलातच जायचंय. ह्यांचं म्हणणं, एकदा विमानात बसलेला पोरगा परत चिखलात पाय घालत नाही, मग आपल्या तीन एकरांचं काय? तुमच्या मामांनी कसा घातला? त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का?
— एक वाचक, कडोली

उत्तर : तुमचं पत्र आलं त्या दिवशी मामींना फोन करून वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘लिही की. खरं त्यांना हार घालू नकोस.’ तेव्हा हाराशिवाय लिहिते.

मामा बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. लहानपणी राजहंसगडाच्या उतारावर गुरं चारायला जायचे, तिथून सांबऱ्याकडून वर चढणारं विमान दिसायचं. सांबऱ्याची धावपट्टी इंग्रजांनी १९४२ साली, महायुद्धात बांधलेली. त्या विमानांपायी एकदा म्हैस दुसऱ्याच्या उसात शिरली आणि मामांनी मार खाल्ला. ही गोष्ट ते युद्धाच्या गोष्टींपेक्षा जास्त वेळा सांगायचे.

त्यांनी चालवलं ते डाकोटा. लढाऊ नव्हे, ओझं वाहणारं विमान. आसामातल्या जोरहाटहून उडायचं आणि नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या चौक्यांना रसद टाकायची. तिकडे तेव्हा रस्ते नव्हते. तांदूळ, डाळ, मीठ, सगळं वरून. नाजूक मालाला पॅराशूट असायचं, तांदळाला नाही. तांदूळ दुहेरी पोत्यात सैलसर भरायचा, म्हणजे जमिनीवर आपटून आतलं पोतं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. अरुंद दरीत विमान खाली आणायचं, वेग उतरवायचा, घंटी द्यायची. मागं दाराशी लष्कराचे जवान उभे असत, ते पोती लोटून देत. आणि लगेच इंजिनांना जोर देऊन समोरचा डोंगर टाळायचा.

पण दुहेरी पोतंही कधी कधी फुटायचं. मामा सांगायचे, ‘दुसऱ्या फेरीला वळलो की खाली गवतावर पांढरं सांडलेलं दिसायचं. आणि त्यात वाकलेली माणसं. एकेक दाणा वेचत असायची. मला वाटायचं, एवढं काय त्यात, पुढच्या खेपेला चार पोती जास्त टाकू.’

१९७१ बद्दल कुणी विचारलं तर दोन वाक्यांत संपवायचे. ११ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, टांगाईलला पॅरा रेजिमेंटची दुसरी पलटण पॅराशूटनं उतरवली, त्या विमानांच्या ताफ्यात ते होते. पूंगलीचा पूल धरून मैमनसिंगहून ढाक्याकडे मागं हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची, हे त्या पलटणीचं काम. ‘उड्या त्यांनी मारल्या, मी नुसता गाडीवान,’ एवढंच म्हणायचे. शाळांची २६ जानेवारीची बोलावणी यायची. तिथंही मुलांना पोत्याचीच गोष्ट सांगायचे.

निवृत्तीनंतर पुण्यात घर घ्यायचं ठरलं होतं, पण तेवढ्यात थोरले मामा गेले. बैलजोडी विकायला काढली होती. मामा ‘दोन वर्षं बघूया’ म्हणून आले आणि शेवटपर्यंत राहिले. मामी चिडल्या होत्या. त्यांचं चिडणं मला आजही योग्य वाटतं. वीस वर्षं बदल्यांमागं धावलेल्या बाईला पुन्हा शेणामातीचं अंगण मिळालं, हे कुणी हिशेबात धरत नाही.

आणि शेती त्यांना येत नव्हती, हे स्पष्ट लिहिते. आपल्या बेळगाव बासमतीला वास आहे, पण ताट उंच, वाऱ्यानं आडवं होतं, उतारा कमी. त्यात येळ्ळूर-शहापूरच्या शिवाराला बळ्ळारी नाल्याचं दुखणं. पहिल्याच पावसाळ्यात नाला शिवारात शिरला, रोपं चार दिवस पाण्याखाली राहिली आणि कुजली. दुसऱ्यांदा रोप मागून आणून पुन्हा नट्टी, म्हणजे भाताची लावणी, केली. बायकांच्या रांगेत मामाही वाकले. संध्याकाळी कंबर सरळ होईना, म्हणून बांधावर पालथे पडून राहिले.

त्या रांगेत एक म्हातारी होती, थोरल्या मामांच्या वेळेपासून आमच्याकडे येणारी. मामांचा आकाशाचा अभ्यास मोठा. ढग दिसला की ‘सीबी आहे, याच्या आत विमान घालायचं नसतं’ असं म्हणायचे. सीबी म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग. ती म्हणायची, ‘वळीव हाय त्यो. तुमास्नी पळायचं असंल, आमास्नी नांगरायचं हाय.’ मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, ही पावसाची नावं मामांनी पन्नाशीकडे झुकताना तिच्याकडून पाठ केली. ती वारली तेव्हा मामांनी खांदा दिला.

कन्नडचंही असंच. जमिनीचा उतारा कन्नडमधून, नोटीस कन्नडमधून. एका कचेरीत त्यांच्या शेताच्या नोंदीत चूक झाली होती. ती दुरुस्त करायला त्यांनी वर्षभर हेलपाटे घातले आणि दर वेळी दुसऱ्याकडून अर्ज वाचून घ्यावा लागला. सीमाभागातल्या आपल्या माणसाला हे नवं नाही. मामांना ते फार लागलं. मग शेजारच्या सातवीतल्या पोराकडून संध्याकाळी अक्षरं गिरवायला बसले. ‘मराठीचा हक्क मागेन, खरं माझा उतारा मला वाचता आला पाहिजे,’ म्हणायचे. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदत होत्या, आणि माझ्याही नांदतात.

आता लोंब्या. दुबार नट्टीच्या त्या वर्षी पिकून पिकून चार पोती भात झालं. मळणी झाली त्या रात्री मामा खळ्यात पोत्याला टेकून बसले होते. मी जेवायला बोलवायला गेले. पोत्यावर हात ठेवून म्हणाले, ‘असली किती ढकलली असतील मी. एका पोत्यात किती वाकणं भरलेलं असतं ते आज कळतंय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेल्या शेतात खांद्याला कापडी पिशवी लावून ते एकटेच फिरताना दिसले. भात कापल्यावर ओल असेतो मसूर पेरायची घाई असते. त्या मधल्या तीन-चार दिवसांत, धसकटांतून, पडलेल्या लोंब्या वेचत. पुढं दर वर्षी वेचल्या. लोक म्हणायचे, साहेबांना पेन्शन पुरत नाही वाटतं. मामांनी कधी उत्तर दिलं नाही.

ते गेले ते पौषात. त्या सुगीला चालवत नव्हतं, तरी काठी टेकत दोन शेतं फिरले होते. ते गेल्यावर मामींना कणगीमागं ती पिशवी सापडली. भात जेमतेम दोन शेर. एवढं थोडं गिरणीत कोण घेणार? मामींनी माळ्यावरचं उखळ काढायला लावलं आणि स्वतः कांडलं. तेराव्याला पहिल्या पानात वाढला तो भात त्यातलाच. झाकण काढलं आणि ओसरीपर्यंत वास गेला.

तुमच्या यजमानांना एक व्यवहाराची गोष्ट सांगा. मुलाला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित असेल तर हवाई दलासाठी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा देता येते, ती वर्षातून दोनदा असते. आणि पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिसवर पायलट झाला तर चौदा वर्षांची नोकरी. म्हणजे चाळिशीच्या आत तो मोकळा होतो, तेव्हा तुमचे तीन एकर कुठं पळून जात नाहीत. तोवर बांध राखा, आणि सुट्टीला आला की त्याला खुर्चीत बसवू नका.

मामांचं शेत आता माझा मामेभाऊ करतो. मुलाला घेऊन या. भात कापल्यावर आणि मसूर पेरायच्या आधी या, मी पिशवी काढून ठेवते.