मांजरे की लेक, हा प्रश्न बाबांपुढे ठेवू नका

आदरणीय ताई,

मी नाशिकला राहते. मला सहावा महिना सुरू आहे आणि बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी जायचे ठरले आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर इमारतीच्या जिन्याखाली सापडलेली दोन पिल्ले बाबांनी घरात घेतली. आता मनी आणि सुभेदार या दोघांच्या तालावर घर चालते. बाबा त्यांच्यासाठी पहाटे साडेचारला उठतात. मनी मांडीवर असली, तर दाराची बेल वाजली तरी जागचे हलत नाहीत. आमचे घर जन्माचे शाकाहारी. पण बाबा स्वतः बाजारातून मांदेली आणून गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर उकडतात. मांजरांनी किती खाल्ले, ट्रेमध्ये किती वेळा जाऊन आली, हे वहीत लिहितात. फोनवर माझी चौकशी दोन वाक्यांत संपते आणि पुढे सगळे मनीचेच वर्णन असते. आत्या म्हणते, गरोदर बाईच्या घरात मांजर नको, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून द्या. मला ते पटत नाही, पण भीती वाटते आणि मनातून वाईटही वाटते. बाबांचे काही बिघडले आहे का? त्यांना काय सांगू? आणि बारशाला साठ-सत्तर माणसे येतील, तेव्हा या दोघांचे काय करायचे?
– माहेरवाशीण, नाशिक

प्रिय माहेरवाशीण,

तुमच्या बाबांचे काहीही बिघडलेले नाही, हे आधी सांगते. तुम्ही लिहिलेली प्रत्येक सवय मांजर पाळणाऱ्या घरांत थोड्याफार फरकाने आढळते, आणि त्यांतील बहुतेक सवयींना मांजराच्या शरीरात किंवा स्वभावात सबळ कारण असते. ते माहीत नसलेल्या माणसाला या सवयी वेडासारख्या दिसतात, आणि तुमचे मन दुखावलेले असल्याने तुम्हाला त्या अधिकच बोचत असणार. म्हणून आधी या सवयींचा उलगडा करते. तुमच्या भीतीकडे आणि वाईट वाटण्याकडे त्यानंतर वळू.

पहाटेचे उठणे घ्या. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जागे असते, कारण त्याची शिकारीची वेळ तीच. एकदा साडेचारला उठून खायला दिले की रोज त्याच वेळी माणसाला उठवायचे, हे ते चटकन शिकते. यावर उपाय आहे. रात्री झोपण्यापूर्वी दोघांना दहा-पंधरा मिनिटे दोरीमागे धावायला लावून शेवटचे खाणे द्यायचे आणि पहाटेचे खाणे ठरल्या वेळी आपोआप उघडणाऱ्या भांड्यात ठेवायचे. काही आठवड्यांत ती बाबांऐवजी त्या भांड्यासमोर जाऊन बसू लागतील. बाळ आल्यावर घरातील प्रत्येकाची झोप मोलाची ठरणार असल्याने हा बदल आतापासूनच सुरू करायला सांगा.

मांडीवरच्या मनीसाठी बाबा उठत नाहीत, याचा राग समजण्यासारखा आहे. परंतु मांजर सहसा बोलावून येत नाही, ते आपल्या मर्जीने येऊन बसते, आणि ज्याच्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे त्याच्याच मांडीवर गाढ झोपते. मांजरवेडी माणसे या विश्वासाला फार जपतात. पाय बधिर होतो, चहा गार होतो, तरी ती हलत नाहीत. यात दारावरच्या माणसाचा अनादर नसतो. तुम्ही घरी असताना बेल वाजली, तर बाबांना हाक मारून मनीला अलगद उचलायला सांगा. ते उचलतील.

आता मांदेलीविषयी, कारण तुमच्या पत्रातील ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. मांजर हा पूर्णतः मांसाहारावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातून मिळावाच लागतो आणि तो निसर्गतः प्राणिजन्य अन्नातच पुरेसा असतो. तो दीर्घकाळ मिळाला नाही, तर मांजराची दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. आपल्याकडच्या कितीतरी शाकाहारी घरांत मांजरे केवळ दूधभातावर वाढवली जातात आणि त्यांचे आयुष्य का खुरटले, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जन्मभर सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात वावरलेला माणूस उतारवयात मासळी बाजारात उभा राहतो आणि घराची रीतही मोडू नये म्हणून गॅलरीत वेगळी शेगडी मांडतो, यात मला दोन्हीकडची जबाबदारी ओळखणारा माणूस दिसतो. इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश 1755 मध्ये सिद्ध करणारे सॅम्युअल जॉन्सन आपल्या हॉज नावाच्या मांजरासाठी कालवे आणायला स्वतः बाजारात जात असत. हे काम नोकरांवर टाकले, तर ते त्या मुक्या जिवाचा राग करतील, अशी त्यांना काळजी वाटे. लंडनमध्ये त्यांच्या घरासमोर हॉजचा पुतळा आहे आणि त्याच्याजवळ कालवांचे शिंपलेही आहेत. तुमचे बाबा चांगल्या माणसांच्या पंक्तीत बसले आहेत.

तरीही त्यांना दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. नुसती उकडलेली मासळी हा पूर्ण आहार नव्हे. तिच्या जोडीला मांजरांसाठी तयार केलेले, टॉरिन असलेले खाद्य द्यावे. मासळी कच्ची देऊ नये. कांदा आणि लसूण कोणत्याही रूपात मांजरांच्या पोटात जाऊ देऊ नये, कारण त्यांनी रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. वाटीभर दुधाचा लाडही आवरता घ्यावा, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आणि घरात तापाच्या गोळ्या उघड्यावर ठेवू नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ‘थोडा ताप वाटतो आहे, अर्धी गोळी देऊ या’ असे प्रेमापोटी करणारी माणसे असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ती वही मात्र कृपा करून बंद करायला लावू नका. मांजर दुखणे लपवते. ते कण्हत नाही, तक्रार करत नाही. खाणे कमी होते किंवा ट्रेमधले जाणे-येणे बदलते, एवढीच खूण बाहेर दिसते. बोक्यांच्या बाबतीत तर हे जिवावर बेतणारे असते. सुभेदार वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो आहे आणि लघवी होत नाही असे दिसले, तर मार्ग तुंबलेला असू शकतो, आणि अशा वेळी उद्यापर्यंत थांबायचे नसते. रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा असतो. एखाद्या मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर यकृत बिघडू लागते. या दोन्ही गोष्टी वही लिहिणाऱ्या माणसाच्या लक्षात सर्वांत आधी येतात. पशुवैद्यासमोर ‘परवापासून खात नाही’ असे नेमके सांगणारा माणूस आपल्या मांजराला अर्ध्याहून अधिक वाचवून आणलेला असतो, असे माझे ठाम मत आहे.

आता तुमच्या भीतीकडे येते. गरोदरपण आणि मांजर यांचा संबंध टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे जोडला जातो. हा संसर्ग गरोदरपणात पहिल्यांदाच झाला, तर गर्भाला धोका असतो, हे खरे आहे आणि ते हलके समजू नये. परंतु हा संसर्ग झालेले मांजर साधारणपणे आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, त्या परजीवीची अंडकोषिका विष्ठेतून बाहेर टाकते, आणि ती बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे लिटरचा ट्रे रोज साफ केला, तर धोका बराचसा तिथेच संपतो. हे काम तुम्ही करायचे नाही, ते बाबांनीच करायचे आणि नंतर साबणाने हात धुवायचे. घराबाहेर न जाणाऱ्या, उंदीर न मारणाऱ्या आणि कच्चे मांस न खाणाऱ्या मांजरापासून हा धोका आणखी कमी होतो. न धुतलेली भाजी, कुंडीतली माती आणि अर्धेकच्चे मांस यांतूनही हाच परजीवी पोटात जातो, याकडे आत्याबाईंचे लक्ष गेलेले दिसत नाही. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना घरात मांजरे असल्याचे सांगा आणि टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी करायची का, हे विचारा. मांजराला हात लावल्याने किंवा ते शेजारी बसल्याने तुमच्या बाळाला काही होणार नाही.

मांजराचा केस पोटात गेला की दमा लागतो, हेही तुमच्या कानावर येईल. केसाने दमा लागत नाही. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असते; त्याची काही माणसांना ॲलर्जी असते आणि अशा माणसांना शिंका किंवा धाप यांचा त्रास होतो. तुमच्या किंवा यजमानांच्या घराण्यात दमा अथवा ॲलर्जी असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवा.

दोन्ही मांजरांना रेबीजची लस दिली आहे का आणि त्यांचे नसबंदीचे ऑपरेशन झाले आहे का, हे बाबांना विचारा. नसेल तर तुम्ही पोहोचण्यापूर्वी ते उरकायला सांगा. कधी ओरखडा किंवा चावा बसलाच, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. रेबीजची लस गरोदरपणातही घेता येते, त्यामुळे त्या कारणाने कोणी थांबायला सांगितले तर ऐकू नका.

तुमची आणि बाळाची खोली आजपासूनच मांजरांना बंद करावी. तुम्ही आल्यावर एकाएकी दार लागले, तर ती दाराशी बसून ओरडतील आणि बाबांचा जीव तुटेल. आधीच सवय लागली, तर त्यांना काही वाटणार नाही. पाळणा लवकर आणून ठेवा, म्हणजे ती नवी वस्तू त्यांच्या परिचयाची होईल. मांजराला ऊब आवडते आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला ऊब असते, म्हणून बाळ झोपलेल्या खोलीत मांजराला कधीही एकटे सोडायचे नाही, मग ते कितीही गरीब असो. हा नियम बाबांनाही पाळावा लागेल, आणि इथे त्यांच्या लाडाला सवलत देऊ नका.

आत्यांच्या सूचनेविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. घरात वाढलेले मांजर पोत्यात घालून लांब सोडणे म्हणजे त्याला उपासमारीने, कुत्र्यांच्या तोंडी किंवा गाडीखाली मरायला सोडणे होय. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार प्राण्याला असे उपाशी मरण्याच्या स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. मांजर मारणाऱ्याला काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे आपल्याकडच्या जुन्या बायका सांगत. आत्याबाईंनीही ते लहानपणी ऐकले असेल. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांचे म्हणणे त्यांना सांगा, म्हणजे त्यांचाही मान राहील.

आता तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या वाक्याकडे येते. बाबा फोनवर तुमच्याविषयी दोनच वाक्ये बोलतात. मला वाटते, त्यांना तुमच्याशी काय बोलावे हे कळत नाही. गरोदर लेकीची चौकशी हे त्यांच्या पिढीच्या घरात आईचे काम होते. ‘पाय सुजतात का, काही खावेसे वाटते का’ हे आईने विचारायचे आणि बाबांनी पलीकडच्या खुर्चीत बसून ऐकायचे, अशी ती रीत. आता ऐकणारा एकटाच उरला आहे आणि विचारायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. मनीने आज काय केले, हे त्याला बोलता येते, म्हणून तो ते बोलतो. मांजरांनी तुमची जागा घेतली, असे मला तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही. उलट जो माणूस दोन पिल्लांच्या खाण्याची नोंद ठेवतो, त्याला तुमच्या सातव्या, आठव्या, नवव्या महिन्याची जबाबदारी दिली, तर तो ती चोख सांभाळेल. म्हणून त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. तुमच्या तपासण्यांच्या तारखा, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या हे सारे त्यांना आपणहून सांगा आणि लिहून ठेवायची विनंती करा. त्याच बोलण्यात हेही सांगा की, ‘बाबा, तुम्ही मनीचे इतके सांगता आणि माझे विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.’ हे वाक्य रागाच्या भरात नव्हे, तर एखाद्या निवांत दुपारी बोला, आणि त्यात ‘मांजरे की मी’ अशी निवड त्यांच्यापुढे मांडू नका. तशी निवड मागितली, तर ते तुमचीच करतील यात मला शंका नाही. पण मग त्या घरात तुम्ही नाशिकला परतल्यानंतर त्यांच्यासोबत कोणी उरणार नाही.

त्या दोघांशी तुमची स्वतःची ओळख व्हावी, असेही मला वाटते, परंतु त्यासाठी जवळ ओढायची गरज नाही. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बसा आणि नजर मिळाली की डोळे सावकाश मिटून पुन्हा उघडा. अशा मंद पापणी मिटण्याला मांजरे तसाच प्रतिसाद देतात आणि त्या माणसाजवळ यायला अधिक राजी होतात, असे ब्रिटनमधील अभ्यासकांनी 2020 मध्ये दाखवून दिले आहे. बाबा हे न शिकताही करत असतील.

बारशाच्या दिवशी पाहुणे येण्याच्या तासभर आधी दोघांना बाबांच्या खोलीत ठेवा. आत पाणी, लिटरचा ट्रे, रोजचे अंथरूण आणि लपायला एक खोका असू द्या. पंखा सुरू ठेवून दाराला बाहेरून कडी घाला आणि ‘दार उघडू नये’ अशी चिठ्ठी लावा, कारण कोणीतरी पोर ते उघडतेच आणि घाबरलेले मांजर उघड्या मुख्य दारातून थेट जिन्यात पळते. खिडकीला जाळी नसेल, तर ती त्याआधी बसवून घ्या. शेवटचा पाहुणा गेल्यावर आणि मुख्य दार लागल्यावरच बाबांना ती कडी काढू द्या.

तुमची,
ताई