सगळे होमरनवालेच घेतले, तरी टीम का हरते?

प्रश्न : कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल गेममध्ये मी सगळे होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारणारेच घेतलोय, तरी अर्धा सीझन झाला की टीम हरायलाच लागते. काय चुकतंय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : अरे, अमेरिकेच्या मेजर लीगचा सीझन 162 मॅचचा असतोय, आधी पिचर (बॉल टाकणारा) बघ की. टीमच्या 26 जणांत 13 पर्यंत पिचर घेता येतात, त्यातले पाच तरी स्टार्टर (मॅचची सुरुवात करणारे पिचर) पाहिजेत, नाहीतर दमलेला पिचर मार खातोच. मग कॅचर (विकेटकीपरसारखा), शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर), सेकंड बेस, सेंटर फील्ड (मैदानात मागं मधोमध), इथं बॅटिंग थोडी कमी चालेल पण फिल्डिंग पक्की पाहिजे, निपाणीला मित्राकडं खेळताना मी शॉर्टस्टॉपला होमरनवाला लावलो आणि नवव्या इनिंगला साधा ग्राउंडर (जमिनीवरनं आलेला बॉल) त्याच्या पायाखालून गेला, मॅच गेली, अजून आठवतंय! होमरनवाले फर्स्ट बेसला, डीएचला (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) ठेव. बेंचवर दुसरा कॅचर हवाच.