समाजशास्त्राला रशियनची जोड

प्रश्न : मुलगी समाजशास्त्रात बीए झाली. पूर्व युरोपावर संशोधन करायचं म्हणते. ऐरोलीत राहून काय शिकता येईल?
— एक पालक, ऐरोली

उत्तर : पूर्व युरोपातल्या रशियन, पोलिश, चेक अशा स्लाव्ह भाषांचा स्वतंत्र विभाग हवा तर दिल्ली विद्यापीठ गाठावं लागेल. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात मात्र रशियन आणि समाजशास्त्र, दोन्ही विभाग आहेत. समाजशास्त्राचा तर १९१९चा. एमए समाजशास्त्रातच करू द्या, सोबत रशियनचा सर्टिफिकेट कोर्स. दोन्ही वेळापत्रकं पाहिल्याशिवाय फी भरू नका. ऐरोलीहून ठाणे, तिथून कुर्ला आणि पुढे बस. संध्याकाळचा वर्ग असेल तर परतीची गर्दी धरून चाला.

रशियन लिपीची ३३ अक्षरं लवकर बसतात. घोटाळा ओळखीच्या चेहऱ्यांचा होतो : बीसारखं दिसणारं अक्षर 'व', पीसारखं 'र', एचसारखं 'न'. म्हणून वहीत देवनागरीत उच्चार लिहायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. सहा विभक्त्या मराठी मुलांना फारशा जड जात नाहीत. खरी दमछाक क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्यांनी होते : एकाच क्रियेला, ती संपली असेल तर एक क्रियापद, चालू असेल तर दुसरं. प्रत्येक जोडी एकत्रच पाठ करावी.

पोलंड किंवा चेकियावर काम करायचं असेल, तर नुसती रशियन पुरणार नाही. विषय आधी ठरवा, भाषा मग.