सातांचे वाटे आणि वरचे दोन पैसे

प्रश्न : हळदीकुंकवाच्या वाणासाठी आम्ही सात मैत्रिणींनी सियागंजातून १००० रुपयांचे सामान आणले. प्रत्येकीचा वाटा मी दोन दशांश स्थळांपर्यंत १४२.८६ रुपये असा काढला, तर सातही वाट्यांची बेरीज १०००.०२ आली. आठजणी असतो तर हिशेब १२५ वर मिटला असता. मग सातालाच तो का अडतो? शिवाय नेमका निम्मा भाग उरला तर वर जायचे की खाली, यावरून नातवाशी माझा वाद झाला आहे. – एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : आपल्या भागाकारात चूक नाही. दशांश रूप देणे म्हणजे छेदस्थानी १०, १००, १००० अशी संख्या आणणे. या संख्यांचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच असल्यामुळे, अतिसंक्षिप्त रूपातील छेदाला या दोहोंखेरीज मूळ अवयव नसेल तरच भागाकार संपतो. म्हणून १/८ हा ०.१२५ वर थांबतो. ६/१५ च्या छेदात ३ दिसतो खरा, पण संक्षेप केल्यावर २/५ उरतात आणि उत्तर ०.४ येते. सातने भागताना शून्याखेरीज बाकी १ ते ६ यांपैकीच असू शकते, त्यामुळे फार तर सहा पायऱ्यांनंतर जुनी बाकी परत येते आणि तिच्यामागून १४२८५७ हेच अंक पुन्हा येत राहतात.

तेव्हा १४२.८६ ही आपल्या वाट्याची आसन्न, म्हणजे जवळपासची, किंमत झाली, वाटा नव्हे. प्रत्येक वाट्यात २/७ पैसा अधिक धरला गेला आणि सात वेळा २/७ म्हणजे बरोबर ते दोन पैसे. पाचजणींकडून १४२.८६ आणि दोघींकडून १४२.८५ घेतल्यास बेरीज जुळेल. व्यवहारात मात्र सहाजणींनी १४३ द्यावेत आणि पिशव्या उचलून आणणारीने १४२ द्यावेत, हे मला अधिक न्याय्य वाटते.

निम्म्याचा वाद आपण दोघे समजता त्याहून जुना आहे, कारण तिथे गणित निर्णय देत नाही. संकेत ठरवावा लागतो. शाळेत पाच आला की वर जातात. भारतीय मानक आयएस २ च्या १९६० च्या आवृत्तीनुसार अशा वेळी शेवटचा अंक सम राहील असे पाहायचे होते, म्हणजे १२.५ चे १२ आणि ३७.५ चे ३८. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा आणखी वेगळे ठरले होते : आणा ६.२५ नव्या पैशांचा, पण रूपांतर करताना अर्धा किंवा त्याहून कमी भाग सोडून द्यायचा. त्यामुळे दोन आण्यांचे १२ आणि सहा आण्यांचे ३७ नवे पैसे होत, तर तीन आण्यांचे, म्हणजे १८.७५ चे, १९.

याच कोष्टकात आपल्या दोन पैशांचे भावंडही आहे. एकेका आण्याचे सहा पैसे धरून चार वेळा मोजले तर २४ भरतात. चार आणे आधी एकत्र करून रूपांतर केले तर पुरते २५. म्हणून बेरीज-गुणाकार होईपर्यंत अपूर्णांक जसाच्या तसा ठेवावा आणि आसन्न किंमत शेवटी, तीही एकदाच, काढावी. २.४४९७ ची आधी २.४५ आणि मग २.५ करणारे पुष्कळ भेटतात. एका दशांश स्थळापर्यंत तिची किंमत २.४ च आहे.

प्रश्न : पाय म्हणजे २२/७, मग पायचेही अंक आवर्ती का नाहीत? – एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : कारण २२/७ ही पायची केवळ आसन्न किंमत आहे. तिचे अंक ३.१४२८५७… असे आवर्ती आहेत, तर पाय ३.१४१५९… असा अपरिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने नेमका न मांडता येणारा, आहे, म्हणून त्याचे अंक आवर्ती होत नाहीत. दोन्ही ३.१४ पर्यंतच सोबत चालतात. भास्कराचार्यांनी सूक्ष्म मान म्हणून दिलेला ३९२७/१२५० घेऊन भागाकार करून पाहा. छेदाचे अवयव २ आणि ५ एवढेच आहेत, म्हणून तो ३.१४१६ वर थांबतो, आणि चार दशांश स्थळांपर्यंत पायची आसन्न किंमतही तीच आहे.